तुंबवलेल्या गाईची लिंक

"...मग तुला पैसे देतं कोण?" दस्तगीरबाबांनी विचारलं.

"कंपनी," अभिनंदन म्हणाला.

"माल कंपनीचा. घेणारा तिसराच कुणीतरी. तुझं त्यात काय?"

"माझी लिंक. म्हणजे बघा बाबा, मी मोबाईलवर व्हिडिओ टाकतो. खाली एक निळी ओळ असते. त्या ओळीवर बोट ठेवून कुणी माल मागवला, की कंपनीला कळतं, हे गिऱ्हाईक अभिनंदन चौगुलेनं पाठवलं. त्यातला वाटा मला."

"दलाली."

"नाही, नाही. अफिलिएट मार्केटिंग म्हणतात त्याला."

"पोराचं नाव बदललं म्हणून बाप बदलतो का?"

अभिनंदनचा चेहरा उतरला.

"शिवी नाही दिली तुला," बाबा म्हणाले. "मी स्वतः एकतीस वर्षं दलाल होतो. याच बाजारात."

नांदवड्याच्या जनावरांच्या बाजारामागे एक जुना तक्या आहे. तक्या म्हणजे फकिराची बसायची जागा. चार दगडी पायऱ्या, वर पत्रा, खाली चटई. बाबांनी एका रविवारी भर बाजारात दलाली सोडली आणि इथे येऊन बसले. का सोडली, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण आजही पाच गावांत कुणी त्यांना विचारल्याशिवाय गाय घेत नाही.

अभिनंदन सव्वीस वर्षांचा. शेतीची पदवी घेतलेला. त्याच्या चॅनलचं नाव 'गोठ्यातला मित्र'. चॅनलला साठ हजार माणसं जोडलेली. गाईचं दूध वाढवणाऱ्या एका पावडरीचे व्हिडिओ तो टाकायचा. दोन वर्षं बरं चाललं. आता तीन आठवडे झाले, लिंकवर कुणी बोट ठेवत नव्हतं. व्हिडिओखाली नुसते हसणारे चेहरे यायचे. काल तो दूध घालायला डेअरीत शिरला, तशी आतली बोलणी थांबली. तो बाहेर पडला, तशी पुन्हा सुरू झाली.

"मला वाटतं, बाबा, कुणीतरी माझ्यावर डाव धरलाय."

"कोण?"

"मगदुमांचा वैभव. त्याचंही चॅनल आहे."

"आणखी?"

"कंपनीवरही संशय आहे माझा. माल खपतो, पण मला दाखवत नाहीत."

"आणखी?"

"ॲपवाले. माझे व्हिडिओ लोकांपर्यंत पोचूच देत नाहीत ते."

"घरातलं कुणी?"

"चुलतभावावर थोडा आहे."

"आणि माझ्यावर?"

अभिनंदन खाली बघत म्हणाला, "तुमच्याकडे सगळे येतात. तुम्ही कुणाला काही बोललात का?"

बाबा हसले. "झाली का यादी? का तुमची मांजर राहिली?"

अभिनंदन हसला नाही.

"बाबा, पाच गावांत माझं नाव गेलंय. ते परत मिळालं नाही, तर मी तोंड कुठं दाखवू? तुमचा एक शब्द हवाय मला. कॅमेऱ्यात बघून एवढंच म्हणा, 'अभिनंदनचं ऐका.' तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच आहेत."

"मला काय द्यायचं ठरवून आलायस?"

"तुम्ही म्हणाल ते."

"म्हणजे ठरवून आलायस. आधी तुझा व्हिडिओ दाखव."

अभिनंदनच्या शर्टाच्या खिशात एक मोबाईल उभा होता. कॅमेऱ्याची काच खिशाच्या वर आलेली. त्याला हात न लावता त्यानं पिशवीतून दुसरा मोबाईल काढला.

"खिशातला का नाही?"

"त्याची बॅटरी संपलीय."

"बरं," बाबा म्हणाले.

बाबांनी मोबाईल हात लांब करून धरला. त्यांना चष्मा नव्हता. पडद्यावर एक जर्सी गाय आली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. 'पावडर देण्याआधी' अशी अक्षरं उमटली. गाईची कास साधीच होती. मग 'फक्त तीन दिवसांनंतर' अशी अक्षरं आली. आता कास घागरीसारखी भरलेली. शेजारी उभा राहून अभिनंदन तिची पाठ थोपटत होता, आणि म्हणत होता, मित्रांनो, लिंक खाली दिली आहे.

"गाय कुणाची?"

"मावशीची. टिकली नाव तिचं."

"परत लाव."

त्यानं परत लावला.

"आणखी एकदा."

तिसऱ्या वेळी बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. चित्र थांबलं.

"हे काय आहे?"

"कुठं?"

"सडाच्या टोकाला."

अभिनंदननं वाकून बघितलं. कासेच्या एका सडाच्या टोकाशी पांढरा थेंब लोंबत होता.

"दूध आहे," तो म्हणाला. "वाढलंय ना."

"दूध वाढलं तर चरवीत येतं. असं आपोआप गळत नाही. ते गळतं कधी? आणि मागचे पाय फाकवून का उभी आहे ती?"

"दमली असेल."

"गोठ्यात बसून?"

अभिनंदननं उत्तर द्यायची गरज नव्हती. बाजारात लबाड माणूस गाय विकायला आणतो, तेव्हा आदल्या संध्याकाळची धार काढत नाही. सकाळचीही काढत नाही. कास तटतटून फुगते, सडातून दूध आपोआप गळू लागतं. बघणाऱ्याला वाटतं, किती दुभती गाय आहे. याला गाय तुंबवणं म्हणतात. शहरातल्या माणसाला ते कळलं नसतं. पण अभिनंदनचे व्हिडिओ बघणारे सगळे पहाटे उठून धारेला बसणारे होते.

"वैभव नाही, कंपनी नाही, मीही नाही," बाबा म्हणाले. "तुझी चुगली या गाईनं केली."

अभिनंदन ताठ बसला.

"एका थेंबावरून तुम्ही काहीही म्हणाल, बाबा. पुरावा काय?"

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि स्वतःच्या उजव्या हातावर पसरला.

"हात घाल."

"कशाला?"

"बाजारातली रीत माहीत आहे ना?"

रीत अभिनंदनला माहीत होती. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही.

"हो असेल तर बोट दाब," बाबा म्हणाले. "नाही असेल तर राहू दे."

"पण मी तोंडानं सांगतो की."

"तोंडानं नको. तुझा बॅटरी संपलेला मोबाईल ऐकतोय."

अभिनंदनचा हात आपोआप खिशाकडे गेला. तिथेच थांबला. त्याचा बेत साधा होता. बाबा काही ना काही चांगलं बोलतील. तेवढं कापून घ्यायचं आणि पावडरीच्या व्हिडिओला जोडायचं. बाबांच्या नकळत.

"बोटांचा आवाज त्यात येत नसेल ना?" बाबांनी विचारलं.

अभिनंदननं रुमालाखाली हात घातला. बाबांचा पंजा खरखरीत आणि गरम होता.

"ही पावडर घरच्या एका तरी जनावराला घातलीस?"

बोट हललं नाही.

"साठ हजार माणसं म्हणालास. त्यातली काही विकत आणलीस?"

बोट दाबलं गेलं.

"म्हणजे तीही तुंबवलेलीच. आणि माल खपला तर मला वाटा मिळतो, हे एका तरी व्हिडिओत सांगितलंस?"

बोट हललं नाही.

"शामगोंडा आबा वारले, तेव्हा गावाच्या ग्रुपवर फोटो आला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्याखाली लगेच पावडरीची लिंक आली म्हणे. ती टाकणारा तूच?"

बाबांना बोट दाबल्यासारखं वाटलं, पण इतकं हळू, की त्यांनी पुन्हा विचारलं, "तूच?"

या वेळी नीट दाबलं.

बाबांना हसू आवरेना. "अरे, त्या आबांची गायसुद्धा त्यांच्या आधी गेली होती!"

"एकदम सगळ्या ग्रुपवर पाठवली होती हो," अभिनंदन तोंडानंच बोलून गेला. "कुठं काय चाललंय ते बघितलं नाही मी."

"साठ हजारांशी बोलतोस, आणि समोर कोण बसलंय ते बघत नाहीस. मावशीला काय सांगितलंस? दोन वेळची धार काढायची नाही म्हटल्यावर ती काही बोलली असेल की."

हा हो-नाहीचा प्रश्न नव्हता. बोटानं सांगता येईना.

"डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणालो."

"आणि तिनं ऐकलं?"

"ती माझं सगळं ऐकते. वर्षभर तिनंच मला शिकायला ठेवून घेतलं होतं."

हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तो दचकला. त्यानं रुमालाखालून हात ओढून घेतला. खिशातला मोबाईल काढला, चालू असलेलं चित्रण थांबवलं, आणि मोबाईल चटईवर पालथा ठेवला.

बाबांनी तिकडे बघितलं नाही. ते रुमालाची घडी घालत होते.

थोड्या वेळानं अभिनंदनला राग आला. चोरी पकडल्यावर येतो तसा.

"तुम्ही तरी काय वेगळं केलंत? एकतीस वर्षं रुमालाखाली झाकूनच केलंत ना सगळं?"

"भाव झाकला," बाबा म्हणाले. "दलाल आहे, हे कधी झाकलं नाही. डोक्याला लाल पटका बांधायचो. बाजाराच्या त्या टोकावरून दिसायचा. लोक म्हणायचे, आला बघा दलाल."

"तरी तुमचं ऐकायचे?"

"तरी नाही. म्हणून."

"आणि गाय खोटी निघाली तर?"

"तिच्या बुडाशी स्वतः बसून धार काढल्याशिवाय मी कुणाला गाय दाखवत नव्हतो. लाथा खाल्ल्यात. हा गुडघा बघ."

बाबांनी गुडघा दाखवला. जुनी वाकडी खूण होती.

"तुला लाथ बसलीय कधी?"

"मी... लांबूनच व्हिडिओ काढतो."

वारा आला आणि पत्रा वाजला. रिकाम्या बाजारात एक कुत्रं खुंट्यांमधून वास घेत फिरत होतं. अभिनंदन त्याच्याकडे बघत राहिला. आता त्याला कुणाचाच संशय येत नव्हता, आणि त्यानंच तो जास्त घाबरला होता.

"पिशवीत काय आहे?" बाबांनी विचारलं.

"तिपाई. कॅमेरा लावायची."

"आज कुठं लावणार?"

"मावशीकडे. चार वाजता नवीन व्हिडिओ करायचा होता."

"टिकलीचा?"

"हो."

बाबांनी सूर्याकडे बघितलं. तीन वाजून गेले असावेत.

"काल संध्याकाळची धार काढली तिची?"

रुमाल आता बाबांच्या खांद्यावर होता. अभिनंदनचा हात चटईवर उघडा पडला होता. बाबा त्या हाताकडे बघत होते.

बोट हललं नाही.

"आज सकाळची?"

बोट हललं नाही.

बाबांनी डोळे मिटले. मघाचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. "दगडी होईल की रे तिला," ते इतकं हळू म्हणाले, की ते अभिनंदनला उद्देशून नव्हतंच. कास दगडासारखी कडक होते, सड कायमचा जातो, त्या आजाराला दगडी म्हणतात. अभिनंदननं त्यावरही एक व्हिडिओ केला होता.

तो उठला. पुन्हा बसला. मग भडाभडा बोलू लागला.

"तो व्हिडिओ काढून टाकतो, बाबा. सगळेच काढतो. विकत आणलेली माणसंही काढतो. वाटा मिळतो ते आधी सांगेन, मोठ्या अक्षरात लिहीन. जे घरच्या गाईला घातलं नाही, त्याची लिंक टाकणार नाही. आबांच्या घरी जाऊन पाया पडतो. मावशीला आत्ता जाऊन खरं सांगतो."

"सांग."

"मग लोक परत विश्वास ठेवतील ना?"

"..."

"महिना लागेल? वर्ष? काहीतरी सांगा की, बाबा. लोक माझं परत कधी ऐकतील?"

बाबांनी पालथा पडलेला मोबाईल उचलून त्याच्या हातात दिला.

"लोकांचं नंतर बघू. आधी जा, आणि ती गाय तुला कासेला हात लावू देते का बघ."