कबरीच्या वीस फेऱ्या

एका सकाळी टेकडीवरच्या बोरीचा पाला ओढताना म्हातारी कबरी शेळी घसरून पडली. लागलं काहीच नाही, पण तिची लेक चांदी घाबरली ती घाबरलीच.

"आई, टेकडी बंद. पाय चालते राहावेत म्हणून गोठ्याभोवती रोज वीस फेऱ्या मार."

"तिथं मैत्रीण तांबू 'म्हातारे' म्हणून डिवचते, तेव्हा मी दोन पायांवर उभी राहते गं. इथं कुणाला दाखवू, खुंट्याला?"

चांदीने ऐकलं नाही. विसाच्या बारा फेऱ्या झाल्या, बाराच्या तीन. मग कबरी बसूनच राहिली. चांदी ओरडायची, मग रडत तिचे पाय चाटायची.

पावसाळा सरल्यावर तिने हार मानली. "चल आई, टेकडीवर जाऊ."

कबरीचे डोळे लकाकले. ती उठू लागली, पण दुमडलेले गुडघे सरळ झालेच नाहीत.

"उशीर केलास, पोरी," एवढंच ती म्हणाली.

आता चांदी पाणवठ्यावर भेटेल त्या शेळीला थांबवते. "घरी म्हातारं कुणी आहे? फेऱ्या मारायला लावू नकोस, कुठं जावंसं वाटतं ते विचार. आणि बाई, हे पुढच्या गोठ्यातही सांग."