सीटखालचा पत्रा

एका गावात एक खारीवाला राहायचा आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून एक कल्हईवाला. दोघांची ऐपत बेताची, म्हणून दोघांनी मिळून एकच सायकल घेतली होती. सकाळी खारीवाला कॅरिअरवर पत्र्याचा डबा बांधून खारी-टोस्ट विकायला निघायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा. मग कल्हईवाला त्याच कॅरिअरवर आपला भाता, कोळशाची पिशवी आणि गिऱ्हाइकांची भांडी लादून आसपासच्या वस्त्यांवर जायचा. एरवी सायकल दोन दारांमधल्या कडुनिंबाला टेकून उभी असायची. तिला कुलूप नव्हतं, कारण कुणापासून लावायचं हा प्रश्नच कधी पडला नव्हता. दसऱ्याला एकानं तिला झेंडूचा हार घालायचा, दुसऱ्यानं नारळ फोडायचा आणि खोबऱ्याच्या वाटणीवरून दोघांनी भांडायचं. वर्षभरात एवढंच काय ते भांडण.

एके दिवशी गावाबाहेरच्या चहावाल्यानं खारीवाल्याचा कप भरता भरता त्याचे कानही भरले.

“काय हो, सायकल भाड्यानं द्यायला लागलात की काय? काल दुपारी एक उंच गडी तुमच्यासारखीच सायकल दामटत गेला इथून.”

“माझी कशी असेल? दुपारी ती कल्हईवाल्याकडे असते.”

“तेच म्हणतो मी,” चहावाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. अशी माणसं काडी टाकून मोकळी होतात. जाळ बघायलाही थांबत नाहीत.

झालं! खारीवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कल्हईवाल्याला एक मेहुणा होता आणि तो होता चांगला ताडमाड. म्हणजे सायकल निम्मी माझी आणि मजा मारणार याचा मेहुणा!

“अहो, मग त्यांनाच विचारा की सरळ,” बायको म्हणाली.

“विचारलं तर तो सावध होईल. तुला नाही कळायचं.”

त्यानं एक युक्ती काढली. उंच माणूस बसायचा म्हणजे सीट वर करणार. तेव्हा त्यानं कल्हईवाल्याच्याच अंगणात पडलेला पत्र्याचा एक कातरलेला तुकडा उचलला आणि सीटचा दांडा फ्रेमच्या नळीत जिथे उतरतो, तिथल्या फटीत घट्ट खोचून ठेवला. कुणी सीट हलवली की तुकडा पडणार आणि चोरी उघडी पडणार. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की त्या दिवशी एका म्हातारीला चार टोस्ट फुकट मिळाले.

रोज सकाळी तो वाकून बघायचा. तुकडा जागच्या जागी. दुसरा कुणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. खारीवाल्याला मात्र वाटलं, हा कल्हईवाला भलताच पोहोचलेला दिसतोय! सीट वर करतो, खाली करतो आणि तुकडा पुन्हा होता तसा बसवून ठेवतो.

थोडे दिवस गेले आणि सायकल कुरकुरायला लागली. पेडल दाबलं की कुर्र, दुसरं दाबलं की पुन्हा कुर्र. ‘खारीऽऽ, बटरऽऽ’ ही त्याची आरोळी घुमायच्या आधी सायकलच आरोळी ठोकू लागली. गल्लीतली कुत्री उठून बसायची, पोरं मागून ‘कुर्र कुर्र’ करत पळायची.

खारीवाल्यानं चेनला तेल घातलं. आवाज होताच. मडगार्ड आवळलं, तरी आवाज होताच. मग त्याला वेगळीच धास्ती वाटू लागली. त्या भात्याच्या ओझ्यानं फ्रेमला तडा तर गेला नसेल? फ्रेम मोडली तर सायकल गेली, आणि सायकल गेली की दोन्ही घरांच्या चुली थंड. हा मनुष्य माझ्या पोटावर पाय देतोय आणि वर तोंड भरून हसतोय!

शेवटी न राहवून त्यानं विचारलं, “काय रे, तुला सायकलचा काही आवाज येतो का?”

“मला? नाही बुवा,” कल्हईवाला म्हणाला.

आता आठ पातेली, दोन पराती आणि एक भाता घेऊन खडखडत जाणाऱ्याला सायकलची कुरकुर कुठून ऐकू येणार? पण एवढं सुचायला डोकं ठिकाणावर लागतं. खारीवाल्यानं मनात नोंद केली: खोटंसुद्धा किती सहज बोलतो!

दसरा जवळ आला. कल्हईवाला म्हणाला, “गड्या, सणाला कुरकुरत्या सायकलला हार घालायचा होय? आज मी कामाला जात नाही. आवाज शोधूनच काढू.”

त्यानं धोतर खोचलं. मागचं चाक उचलून पेडल फिरवलं. आवाज नाही. सायकल हातानं ढकलत नेली. आवाज नाही. मग म्हणाला, “तू बस आणि चालव बघू.” खारीवाला बसला आणि लगेच कुर्र! कल्हईवाला सायकलच्या बाजूनं कान लावून धावू लागला. धावता धावता दोनदा ठेचकाळला, पण कान काही काढला नाही.

“आता सीटवरून ऊठ. उभ्यानं पेडल मार.”

खारीवाला उठला आणि आवाज एकदम बंद!

“सापडला!” कल्हईवाल्यानं टाळीच वाजवली. “पेडल नाही, चेन नाही, आवाज सीटखालचा आहे. उतर, पाना आण. दांडा बाहेर काढून बघतो.”

खारीवाला उतरला, पण सीट धरूनच उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. दांडा बाहेर आला की तुकडाही येणार, आणि तो कशाला खोचला होता हे सांगावं लागणार. सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटांची मान खाली, मग सगळं मोकळं. तेवढीसुद्धा मान खाली घालायची त्याची तयारी नव्हती.

“सीटला हात लावायचा नाही!” तो ओरडला.

“का रे?”

“आवाज सीटचा नाहीच. तुझ्या भात्यानं फ्रेम तडकलीय. आणि तुझा तो मेहुणा माझ्या सायकलवर गावभर उंडारतो, तेही मला ठाऊक आहे.”

कल्हईवाल्यानं सायकलवरचा हात काढून घेतला. “माझा मेहुणा दोन महिने झाले, पायाला प्लास्टर घालून घरी पडलाय,” तो हळूच म्हणाला. “तुझी सायकल म्हणालास ना? मग ती तुझीच असू दे.” त्यानं हात पुसले, भाता उचलून डोक्यावर घेतला आणि पायी चालू लागला.

सायकल आता एकट्या खारीवाल्याची झाली. भाता नाही, ओझं नाही, वाटेकरी नाही. दुसऱ्या दिवशी तो ऐटीत सीटवर बसला.

कुर्र.

आता दोष कुणाला द्यायचा? तो तसाच उतरला. मग पाना आणून त्यानं सीटचा दांडा ओढून काढला. पत्र्याचा तुकडा हातात आला, घासून घासून चकचकीत झालेला. दांडा पुन्हा बसवून तो सायकलवर बसला. पेडल मारलं. आवाज नाही. पुन्हा मारलं. चाकाची वाऱ्यासारखी सूं सूं, बाकी काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खारीवाल्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्याच्या तोंडून आरोळीच फुटेना.

दुपारी तो वस्तीच्या रस्त्याला लागला. लांबून भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता. कल्हईवाला उन्हातून डोक्यावर भाता आणि पाठीवर भांडी घेऊन चालला होता. सायकल आता इतकी मुकी झाली होती की ती शेजारी येईपर्यंत त्याला कळलंच नाही.

खारीवाला उतरला. त्यानं तुकडा पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं.

कल्हईवाल्यानं तुकडा उलटसुलट करून पाहिला. “हा तर माझ्याच अंगणातला.”

“हो. चुकलो रे मी.”

“मागितला असतास तर याहून चांगला कापून दिला असता,” कल्हईवाला म्हणाला. खारीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं भाता उतरवून घेऊन कॅरिअरवर बांधला, आणि दोघं सायकल मध्ये धरून वस्तीपर्यंत चालत गेले.

दसऱ्याला एकानं हार घातला, दुसऱ्यानं नारळ फोडला. खोबऱ्यावरून मात्र भांडण झालं नाही. कल्हईवाल्यानं मिळाला तो तुकडा गुमान खाल्ला. सायकल पुन्हा दोघांची झाली. तिचा आवाज गेला तो कायमचा.

पण पूर्वी कल्हईवाला दुपारी यायचा, सायकल काढायचा आणि निघायचा. आता तो आधी खारीवाल्याच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, “नेऊ का?”

“अरे, ने की! विचारतोस काय?” खारीवाला रोज सांगतो. आणि तो रोज विचारतो.

तात्पर्य: दुसऱ्याची चोरी पकडायला खोचलेला संशय आधी आपल्याच बुडाखाली कुरकुरतो; तो उशिरा उपसला तर कुरकुर थांबते, पण शेजारी परका होऊन बसतो.