रजीची जन्मगल्ली

त्या मुलखात कायमचं राहायला म्हणून कुणी जन्मत नसे. काम संपलं की आपण होऊन उठायचं आणि जागा मागच्याला द्यायची, हा तिथला रिवाज. म्हणून तर सगळ्यांना जागा पुरे. नदी प्रत्येकाच्या दारावरून वाही आणि लाल होड्या घरोघर श्वास उतरवून जात.

नदीच्या एका वळणावर पसरोबा राही. त्याची उठायची वेळ झाली, पण तो उठला नाही. उलट एकाचे दोन पसरोबे झाले, दोनाचे चार, चाराचे आठ. त्यांनी नदी फोडून आपले पाट काढले, शेजाऱ्यांच्या भिंती रेटल्या. खालच्या अंगाची घरं उपाशी पडली. आता तर पसरोबाची पोरं मुलखाच्या दूरदूरच्या गल्ल्यांत बिऱ्हाड थाटायला गाठोडी बांधून काठावर बसली होती. ती एकदा प्रवाहात उतरली की मुलूख बुडालाच म्हणायचा.

पांढरे शिपाई रोज तिथून गस्त घालत. पण त्यांचा सवाल पिढ्यान्‌पिढ्या एकच, जन्म कोणत्या गल्लीतला? पसरोबा गल्ली बिनचूक सांगे, शिपाई रामराम करून पुढे जात. एकाच गल्लीत एवढी प्रजा निपजली कशी, हे विचारायला कुणाची जीभ झडली असती? पण नाही विचारलं.

अशात बाहेरून रजी आली. लोखंडाचा कण, एवढीशी की मोहरीच्या दाण्यावर तिच्यासारख्या कोट्यवधींनी संसार मांडावा. सोबत अगणित बहिणी. शिपायांना बोचू नयेत म्हणून पाठवणाऱ्या वैद्यांनी प्रत्येकीला साखरेचं लुगडं नेसवलं होतं आणि पदराला पसरोबाचा पत्ता टाचला होता. आधी त्याचं घर दाखवायचं, मग ते तापवून पाडायचं, एवढंच काम.

नाक्यावर धवळू नाकेदार आडवा आला.

“जन्म कोणत्या गल्लीतला?”

“इथल्या कोणत्याच नाही. अरे, तुझ्याच घराला लागलेली कीड दाखवायला आलेय मी. पदरावरचा पत्ता तरी वाच.”

“वाचायचं काम आमच्याकडे नाही. गल्ली सांग.”

रजीनं कपाळावर हात मारला. तिनं उपाशी घरं सांगितली, फोडलेले पाट सांगितले, काठावरची गाठोडी सांगितली. धवळू शांतपणे ऐकत होता, दगडानं ऐकावं तसं.

“ते आपले आहेत, बाई. आपल्यांना कुणी हटकतं का?”

आणि त्यानं बहिणींना गिळायला सुरुवात केली. गिळणं हीच तिथली अटक. शंभरातल्या नव्वद गेल्या. तो साखरेची चव घेत होता तेवढ्यात रजी उरलेल्या बहिणींसह निसटली.

पसरोबानं मात्र हसून स्वागत केलं. “या, या. नदीतून येईल ते आमचंच.” त्याच्या घराला दारं होती, पण ती लावायची सवय नव्हती. घ्यायचंच ठाऊक असलेल्याला दार लावून काय करायचं?

मग आभाळापलीकडून चुंबकानं हाक दिली. बहिणी ताठ उभ्या राहिल्या, आणि बाहेर वैद्यांच्या नकाशात तेवढाच ठिपका काळा उमटला. घर सापडलं.

त्यानंतर चुंबकाचं डोकंच फिरलं. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे. रजीचा जीव मेटाकुटीला आला.

“एकदाचं काय ते ठरव की रे!”

वैतागता वैतागता ती तापली, बहिणीही तापल्या. पसरोबाची घरं घाईघाईत कच्च्या विटांनी रचलेली. ती ढासळली, आणि काठावरची गाठोडी जागच्या जागी करपली. शेजारच्या जुन्या घरांना नुसता घाम फुटला.

आभार कुणी मानले नाहीत. ढिगारा झाडायला धवळूच आला. रजीचं लुगडं फाटलं होतं, पत्ता जळला होता. त्यानं पुन्हा गल्ली विचारली. आणि उत्तराची वाट न पाहता तिला गिळलं.

पण लोखंड काही पोटात राहत नाही. त्या मुलखात होड्या हाडांच्या पोकळीत घडत, आणि तिथे लोखंडाची कायमची टंचाई. रजी वितळली, एका नव्या होडीत मिसळली. होडी नाक्यावर आली.

“जन्म कोणत्या गल्लीतला?”

“हाडांच्या.”

धवळूनं अदबीनं वाट सोडली. होडी वळणावरून खाली गेली आणि उपाशी घरांच्या दारी थांबली. आभाळापलीकडे एका बाईनं आरशात पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी रंग चढलेल्या आपल्या गालावर बोट ठेवलं.