नऊघाटचा महिषासुर

"सोंगानं केलेलं नाचणाऱ्याला लागतं का, बाबा?"

नवसूबाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर महिषासुराचं डोकं होतं आणि महिषासुराचा डावा कान उंदरांनी खाल्ला होता. बाबा कागदाचा लगदा थापून त्याला नवा कान बसवत होते. राक्षस असला म्हणून काय झालं, उंदराला त्याचं काय.

"काय केलं सोंगानं?" बाबांनी विचारलं.

नाशिकहून इथवर गाडी हाकताना मयुरेश टिपणीसनं आपला प्रश्न घोटून घोटून गुळगुळीत केला होता. उलटा प्रश्न येईल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. जास्त शिकलं की असं होतं. माणूस उत्तर घ्यायला पिशवी आणतो, द्यायला काही आणत नाही.

हेदपाडा म्हणजे जव्हारच्या पुढं, डोंगराच्या कुशीत पंचवीस-तीस घरं. दर वैशाखात तिथं बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात, त्यालाच सोंग म्हणायचं. बाकीचं वर्षभर ही सगळी तोंडं नवसूबाबांच्या पडवीत टांगलेली. गणपतीशेजारी वेताळ, वेताळाशेजारी सीतामाई आणि सगळ्यांच्या खाली कोंबड्या. बाबांनी स्वतः चाळीस वर्षं महिषासुर नाचवला. गुडघे बोलायला लागले तेव्हा सोंग पुतण्याच्या डोक्यावर दिलं आणि डागडुजी आपल्याकडं ठेवली.

मयुरेश सहा वर्षांमागं इथं येऊन गेला होता. गळ्यात दोन कॅमेरे, आणि फोटोत येतात म्हणून कोंबड्या हाकलायला सांगत होता. कोंबड्यांनी ऐकलं नव्हतं.

त्या फोटोंतलंच महिषासुराचं तोंड त्यानं पुढं आपल्या खेळात वापरलं.

आता हा खेळ काय, ते बाबांना समजावून सांगण्यात अर्धी दुपार गेली. कॉम्प्युटरवरचा खेळ. जिंकायचा नाही, हरायचा नाही. जो तो घरबसल्या एक पात्र घेतो आणि माइकवर त्या पात्राच्या आवाजात बाकीच्या पात्रांशी बोलतो. रोज. वर्षानुवर्षं. असं बोलून बोलून त्यांनी नदीकाठी नऊघाट नावाचं एक गाव उभं केलं होतं. बँकेतला कारकून तिथं लोहार, दातांचा डॉक्टर तिथं दरोडेखोर. हा फरक फारसा मोठा नाही, पण ते असो. दोनशे माणसं आपापली पोटापाण्याची कामं आटोपून तिथं नांदायला जात. त्या गावाचा राक्षस मयुरेश होता.

"तोंड आमचं नेलंस," बाबा म्हणाले.

"फोटोवरून केलं. नाव पण महिषासुरच ठेवलं."

"आणि जीभ?"

"...जीभ माझी."

बाबांनी लगद्याचा एक गोळा घेतला. हे सोंग तुला कुणी दिलं, असं त्यांनी विचारलं. मयुरेश म्हणाला, कुणी देत नाही, आपलं आपण निवडायचं.

याचं बाबांना फार हसू आलं. हेदपाड्यात असलं काही चालत नाही. महिषासुर बाबांच्या, म्हणजे पाग्यांच्या घरचा, सीतामाई भुसाऱ्यांच्या घरची. भुसाऱ्यांत आज झुपकेदार मिशांचा रेड्यासारखा गडी आहे, पण वैशाख आला की तो बिचारा लाजत लाजत सीताच नाचवतो.

"एवढी मोकळीक होती, साहेब, तर राक्षसच का घेतलास?"

"राक्षसाशिवाय गोष्ट हलत नाही, बाबा."

"खरं आहे."

बाबांनी हे इतक्या मनापासून म्हटलं की मयुरेशला हुरूप आला. मग तो सांगत सुटला. आपला राक्षस कसा कुणाला उगाच मारत नसे, आधी दारात उभा राहून गोड बोले. लोक कसे त्याच्याकडून लुटले जायला आतुर असत. कुणी नवा आला की कसा पहिल्यांदा विचारी, महिषासुर आज येणार का. दुसऱ्या कुणाचं पात्र इतकं वठत नव्हतं हे त्यानं तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा हे लोक म्हणतात, मी नाही, असंही सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले. "मग काय केलं त्यानं?"

...

नऊघाटात गोदूमावशी नावाची एक नावाडीण होती. नवा खेळाडू आला की तो नदीच्या अलीकडं उतरायचा, कुठं जावं हे न कळून उभा राहायचा. मावशी त्याला होडीत घालून पलीकडं न्यायची आणि मधल्या पाण्यात गावाची गोष्ट सांगायची. कुणाचं कुणाशी वाकडं आहे, कुठल्या पारावर बसू नये, वैद्याचं औषध का घेऊ नये. बोलायची अडखळत. एकेका शब्दापाशी थांबून, धक्का देऊन. माणसं म्हणत, काय अभिनय आहे बाईचा, तीन वर्षांत एकदा चुकली नाही.

त्या खेळातल्या गावाची जत्रा होती. सगळे दोनशेच्या दोनशे घाटावर. महिषासुरानं गोदूमावशीची होडी पेटवली.

तिथवर काही बिघडलं नव्हतं. राक्षसानं होडी जाळायची, गावानं दुसरी करायची, तसा शिरस्ताच होता.

पण होडी जळून गेली, आणि महिषासुर तिथंच घाटावर उभा राहिला. तो मावशीची नक्कल करू लागला. एकेका शब्दापाशी थांबून, धक्का देऊन, नवख्यांना सांगायची तिची सबंध गोष्ट त्यानं तिच्या तोंडावर म्हणून दाखवली. माणसं हसून हसून लोळली. दातांचा डॉक्टर तर म्हणे खुर्चीवरून पडला.

मावशी उत्तर द्यायला पुढं आली.

पहिलाच शब्द अडकला. दोनशे माणसं वाट बघत राहिली. तो शब्द बाहेर आलाच नाही.

मग ती पडद्यावरून नाहीशी झाली. त्याला आता त्रेचाळीस दिवस झाले होते. खेळातलं तिचं खातंही बंद. मयुरेशकडं तिचं खरं नाव नव्हतं, गाव नव्हतं, नंबर नव्हता. होती फक्त गोदूमावशी, आणि ती तर मुळात नव्हतीच.

"आता सगळे मला म्हणतात, तू घालवलीस तिला," मयुरेश म्हणाला. "पण मी कुठं बोललो? महिषासुर बोलला. पात्र वेगळं, माणूस वेगळा. आमच्याकडचा पहिला नियमच आहे तो."

बाबांनी कानाची पाळी अंगठ्यानं दाबली.

"मग त्याला पाठवायचंस. तू कशाला आलास?"

...

एक कोंबडी मयुरेशच्या बुटावर चढली. त्यानं तिला उतरवलं नाही.

बाबांनी राक्षसाचं डोकं उचललं आणि त्याच्यापुढं धरलं. घाल, म्हणाले. कान ओला आहे, धक्का लावू नको.

आत अंधार. जुन्या रंगाचा आणि चाळीस वर्षांच्या घामाचा वास. मयुरेशला वाटलं होतं, डोळ्यांतून दिसेल. डोळे नुसते रंगवलेले होते.

"नाकपुडीतून बघ," बाहेरून बाबा म्हणाले. "डोळे लोकांना दाखवायला असतात."

नाकपुडीतून दिसलं ते एवढंच, शेणानं सारवलेल्या जमिनीचा एक तुकडा आणि समोर कुणी येऊन बसलं त्याचे पाय. त्यानं मान मागं टाकली. समोर सीतामाई बसली होती. नाकात नथ, कपाळी कुंकू, आणि हनुवटीखालून वीतभर पांढरी दाढी.

"मी गोदूमावशी," सीतामाई म्हणाली. "बोल."

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"माफ करा," महिषासुर म्हणाला.

"कशाची माफी?"

"नक्कल केली तुमची."

"त्यात काय. सगळ्यांना वाटायचं, ते अडखळणं म्हणजे सोंगच. तुलाही वाटलं."

सीतामाई पुढं सरकली. "वाटलं ना?"

"नाही," आतून आवाज आला. "मला ठाऊक होतं."

मग ते सगळं बाहेर आलं, नाकपुडीतून यावं तसं, थोडं थोडं. गेल्या दिवाळीत तिनं त्याला एकट्याला लिहिलं होतं. हा अभिनय नाही, माझी जीभ अशीच आहे. दुकानात मी बोटानं वस्तू दाखवते, सासरी मला मुकी समजतात. इथं बोलते, कारण इथं सगळ्यांना ती गोष्ट वाटते. तुम्ही माझ्या मावशीची एवढी तारीफ करता म्हणून फक्त तुम्हाला सांगितलं.

"मग?" सीतामाईनं विचारलं.

"होडी जळून संपली होती. सगळे माझ्याकडं बघत होते. आता पुढं काय म्हणून..." महिषासुराची मान खाली गेली. "मला दुसरं काही सुचलं नाही, मावशी."

वाऱ्यानं सीतामाईची दाढी हलत होती.

"दिली माफी," ती म्हणाली. "जा."

मयुरेशनं मुखवटा उतरवला तेव्हा त्याचे गाल ओले होते आणि एका कानाला लगदा लागला होता. त्रेचाळीस दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास आला. घरी गेल्यावर काय जेवायचं, हेसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाबांनी सीतामाई काढून खुंटीला अडकवली आणि पाय मागं घेतले.

"माझ्या कशाला पाया पडतोस?"

"माफी दिलीत ना, बाबा."

"मी? मी कुठं दिली? सीतामाईनं दिली." बाबा परत कानापाशी बसले. "पात्र वेगळं, माणूस वेगळा."

मयुरेश तसाच ओणवा राहिला. मग उठला, गुडघे झटकले. त्याला राग आला होता. शंभर किलोमीटर गाडी हाकून आलेल्या माणसाला येतो तेवढा.

"थट्टा करताय माझी."

"करतोय."

"मग मी करू तरी काय? ते पात्रच पुसून टाकतो. आजच."

"पूस. लोक म्हणतील, राक्षस वाईट होता, मेला. आणि तू सुटलास."

मयुरेश पडवीच्या खांबाला टेकला. राग फार वेळ टिकला नाही. उभं राहायला आधार उरला नसला की रागही बसायला जागा शोधतो. तो हळूच म्हणाला, ती कदाचित परत येईलही. आमच्याकडं येतात लोक, दुसरं पात्र घेऊन. कुंभार होऊन येतील, भिकारी होऊन येतील. आवाज बदलतील, नाहीतर गप्प राहतील.

"पण आली तरी मला कळणार नाही, बाबा. कुणाची म्हणून मी माफी..."

बाबांचा हात थांबला.

मग त्यांनी बुधाची गोष्ट सांगितली. फार लांबवली नाही. महिषासुराला नाकपुडीतून काय दिसतं ते तू पाहिलंस, म्हणाले. म्हणून एक जण सोंगाचा हात धरून पुढं चालतो, खड्डा आला की सांगतो, लेकरं बाजूला करतो. बाबांचा हात बारा वर्षं बुधानं धरला. बुधा एका पायानं लंगडा, पण त्यानं सोंगाला कधी ठेच लागू दिली नाही. एकदा उजाडताना, शेवटच्या फेरीला, माणसं पेंगायला लागली. संबळही ढिला पडला. राक्षसाकडं कुणी बघेना.

"मी लंगडत नाचलो," बाबा म्हणाले. "त्याचा हात धरून, त्याच्या मागं, हुबेहूब त्याच्यासारखा. संबळवाल्यानं ताल उचलला. सगळा पाडा जागा झाला."

बुधाला आधी कळलं नाही, लोक कशाला हसतात. मग त्यानं मागं वळून पाहिलं. सोंगाचा हात पारापर्यंत नीट नेला, पाराच्या दगडावर टेकवून दिला आणि तसाच घाट उतरून गेला. कुणी म्हणालं वसईला आहे, कुणी म्हणालं वारला. दुसऱ्या दिवशी बाबा पाडाभर सांगत हिंडले की, मी नव्हतो, अंगात आलं होतं. सगळ्यांना ते पटलं.

"तुम्हाला?"

बाबांनी लगद्यानं माखलेली बोटं धोतराला पुसली.

मयुरेशला पहिल्यांदाच दिसलं की हा माणूस फार म्हातारा आहे. एवढा वेळ तो थट्टाच करत होता, त्यात वय दिसलं नव्हतं.

"किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"...परत आला का तो कधी?"

"दरवर्षी येतो."

"बोहाड्याला? मग तुम्ही भेटलात..."

बाबांनी महिषासुराचं डोकं उचललं आणि ओला कान उन्हाकडं करून ठेवलं.

"प्रत्येक तोंडापुढं हात जोडतो. कोणत्या तोंडानं येतो, ते मला अजून कळलेलं नाही, पोरा."