अध्याय शेवटपर्यंत

“बाई, देव एकदा बोलला की बोलला ना? मग माणसानं सही कशाला करायची?”

अन्नाबाईंनी मेथी निवडता निवडता मान वर केली. चाळीस वर्षं त्यांनी गावोगाव पायी फिरून बायकांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवलं होतं. आता पाय थकले होते. जीभ थकली नव्हती.

“कसली सही?”

“ऑपरेशनची. सलोमीच्या हृदयाची झडप उद्या बदलणार होते. मी डॉक्टरांना नको म्हणून सांगून आलो.”

“बायको काय म्हणाली?”

“तिला काय कळतंय, बाई?”

शांतवन मोठा वचनवाला. चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेपासून पाठांतराच्या स्पर्धा जिंकलेला. बायबलमधली पंधराशे वचनं तोंडपाठ, अध्यायाच्या आकड्यासकट. उपासनेत पाळकसाहेब एक शब्द चुकले तरी हा मागच्या बाकावरून दुरुस्त करायचा. आणि आता बायबल छातीशी धरून, पानांत बोट खुपसून, अंगणात उभा होता.

“बोट कशाला अडकवलंयस?”

“सकाळी प्रार्थना केली. डोळे मिटून शास्त्र उघडलं. बोट ठेवलं. आणि...”

“आणि काय? वाच.”

“वाचायला कशाला हवं? पाठ आहे. घराची निरवानिरव कर, तू मरणार, जगणार नाहीस.”

शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला.

“हे कुणी कुणाला सांगितलं?”

“देवानं. यशया संदेष्ट्याच्या तोंडून.”

“कुणाला, विचारलं मी.”

“...हिज्कीयाला. राजाला. आजारी होता तो.”

“पुढं?”

“पुढचं पाठ नाही.”

“मग वाच की! अक्षरं कुणी खाल्ली?”

“धीर होत नाही, बाई.”

अन्नाबाई उठल्या. हात पदराला पुसले. त्याचं मनगट धरून बोट पानातून उपसून काढलं. बोटाखालच्या ओळी उघड्या झाल्या.

शांतवन वाचू लागला. राजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. राजा ढसाढसा रडला. देवानं यशयाला परत पाठवलं. तुझे अश्रू मी पाहिले, तुझी पंधरा वर्षं वाढवली...

तो उडालाच. “पंधरा वर्षं! बाई, सलोमीला पंधरा वर्षं मिळाली! वचन मिळालं!”

“तुझ्या बायकोचं नाव हिज्कीया आहे का रे?”

त्यानं पुन्हा पानाकडे पाहिलं.

“म्हणजे... ते मरण तिचं नव्हे?”

“आणि ती पंधरा वर्षंही तिची नव्हेत. थांबू नकोस. वाच.”

तो वाचत गेला. राजाचं लांबलचक गाणं वाचलं. अगदी शेवटाशी येऊन अडखळला.

“बाई... इथं लिहिलंय, अंजिरांचा लेप आणा, राजाच्या गळवावर बांधा, म्हणजे तो बरा होईल.”

“कोण सांगतो?”

“यशया.”

“तोच का, मरणार म्हणून सांगायला आलेला?”

“तोच...”

अन्नाबाई पुन्हा मेथीकडे वळल्या.

शांतवन ओट्यावर बसला. आधी हसला. हसता हसता रडू फुटलं. लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. बाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

मग तो तोंड धुऊन उठला.

“जातो, बाई. डॉक्टर सहापर्यंत असतात. सही करून टाकतो. तिच्या जागी दुसऱ्या कुणाला घेतलं नसलं म्हणजे मिळवली.”

“पळ.”

दोन पावलं गेला आणि वळला.

“बाई, सलोमी फार घाबरलीय. मी तिला साधं विचारलंही नाही... तिला वचन कुठलं देऊ?”

“वचन नको देऊस. तिच्या खाटेवर बस आणि हा अध्याय वाच. सगळा. आणि राजा रडतो ना, तिथं घाई करू नकोस.”