डोळा बघून

"सगळं तोडून आलोय, अक्का. आता आणखी काय तोडायचं राहिलंय?"

पुंडलिक तांबटांच्या आवाजात कळवळा होता, आणि थोडा तोराही. बासष्टाव्या वर्षी माणूस एका पिशवीनिशी घर सोडतो, ही काय लहान गोष्ट झाली?

आठ दिवस ते सगुणाअक्कांच्या ओसरीवर मुक्काम ठोकून होते. अक्का कुणाला उपदेश करत नसत, तरी कऱ्हाड-कोरेगावाकडून माणसं त्यांना शोधत यायची. तांबटांना त्यांचा शिष्य व्हायचं होतं. अक्का मात्र रोज अंगणातलं एखादं काम पुढे करायच्या.

आज त्यांनी कात्री पुढे केली.

"जास्वंद नुसती उंच वाढलीय बघ. फूल शेंड्याला, अन् शेंडा पत्र्याच्या वर. छाट जरा."

तांबटांनी अंगठ्याएवढी जाड फांदी धरली आणि एका दमात कापली. हात जरासुद्धा कचरला नाही. अक्कांनी ते पाहिलं असेल, असं त्यांना वाटलं.

अक्कांनी पाहिलं होतं.

"मधेच कापलीस की रे."

"मग? कापायचीच होती ना?"

अक्का काठी टेकत जवळ आल्या. कापलेल्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"एवढं लाकूड आता वाळून जायचं. हे बघ..." खाली, पानाच्या देठाशी बारीकसा फुगीर ठिपका होता. "हा डोळा. हितनं नवी फांदी फुटती. आधी डोळा बघायचा, मग त्याच्या जरा वर कात्री लावायची."

तांबट वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दुसऱ्या फांदीचा डोळा शोधला, कापली. मग तिसरी. हळूहळू हात बसत गेला. अक्का पायरीवर टेकल्या.

"घरनं निघालास तेव्हा दारात कोण होतं?"

"शालन. माझी बायको." कात्री चालूच होती. "दुकानावरून मुलाशी कडाक्याचं वाजलं होतं. म्हटलं, सांभाळा तुमचं तुम्ही. चपला घातल्या आणि निघालो."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"डोळे बघितलेस तिचे?"

कात्री थांबली.

तांबट आठवू लागले. दाराची कडी आठवली. उंबरा आठवला. भाकरी थापता थापता ती तशीच उठून आली होती, तिच्या हातांचं ओलं पीठ आठवलं. त्याच्या वरचं मात्र...

चाळीस वर्षांचा संसार, आणि तेवढंच आठवेना.

"नाही, अक्का," ते म्हणाले. "मान वर केलीच नाही मी."

अक्का उठल्या. तांबटांच्या केसांत जास्वंदीचं एक पान अडकलं होतं, ते त्यांनी काढलं आणि शाळेला निघालेल्या पोराचे करावेत तसे त्यांचे केस नीट केले.

तांबटांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"मी तर तुमचा शिष्य व्हायला आलो होतो..."

"झालास की."

अक्कांनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि पदराला पुसली.

"साडेतीनची एसटी हाय. चहा पिऊन नीघ."