सगुणीच्या दगडावर दोघी

तुमचा मेव्हना कोन लागून गेला आमच्या पाटाला हलका म्हननारा? आज त्यो हितं आला न्हाई, फोनवर नुसता गुरगुरला. म्हनं, पत्रिकेत 'पाट' न्हाई छापायचं, आन् नवरीशेजारी तसली बाई न्हाई बसवायची. पावनं, तुमी पोराचे बाप. पोरगी आमची, म्हनून मी मान खाली घालून ऐकलं. आता तुमी ऐका.

तळ्याच्या काठाला त्यो चौकोनी दगड दिसतो का, हळदीनं पिवळा पडलेला? त्यो सगुणीचा दगड.

लई मागं आमच्या गावातबी तुमच्यासारखंच व्हतं, असं सांगत्यात. पैल्यांदा व्हईल ते लगीन, दिवसाउजेडी, वाजतगाजत. नवरा मेलेली बाई परत संसार मांडायची, त्याला म्हनायचे पाट. गावाभाईर, दिवा न लावता उरकायचे, सवाष्नीनं तिचं तोंड बगायचं न्हाई.

सगुणीनं राणूसंगं असा पाट लावला. राणू हिरी खांदायचा. बारा वर्सं दोघांनी नेटानं संसार केला. मग एक दिस दरड ढासळली आन् राणू गेला. राणूच्या भावांनी सगुणीला मढ्याला हात लावू दिला न्हाई, घरातनं भाईर काढली. ती पाटलाकडं गेली. पाटील म्हनला, "तू लग्नाची बायको न्हवं. पाटाची. तुझा हक कसला?"

त्यो पाटील आमच्याच घरातला. त्याचं नाव मी घेत न्हाई, लाज वाटती.

सगुणी रडली न्हाई म्हनं. त्या दगडावर जाऊन बसली. पाटलाच्या लेकीला आन् मला एकच शबूद लावाल तवा उठीन, म्हनली. तीन दिस अन्न न्हाई, पानी न्हाई. तळंबी आटलेलं, मधी नुसतं डबकं.

चवथ्या दिशी पाटलाच्या लेकीचं, गिरजाचं लगीन. नवरी पानी पुजायला तळ्यावर आली, अंगाला वली हळद. तिनं सगुणीला बगितलं आन् जाऊन तिच्या शेजारी बसली. बायका वढाय लागल्या, तरी उठंना. वऱ्हाड खोळंबलं, मुहूर्त टळला. बाप काठी घिऊन आला, तर त्याला म्हनली, "आबा, हिचा पाट, तर माझाबी पाटच. न्हाईतर वऱ्हाड माघारी धाडा."

दिस मावळाय लागला तवा पाटलानं पायतान काढलं, आन् डोईचं पागुटं काढून सगुणीच्या पायावर ठेवलं. म्हनं, त्याच घटकंला तळ्याचं पानी वर चढत दगडाला लागलं. मी काय बगाय गेलो न्हवतो. पर पागुटं ठेवलं, ते खरं. आमच्या घरात तवापास्नं कुनी पागुटं बांधत न्हाई.

थोरल्या पोरीच्या येळंला मी भ्यालो. तिच्या सासरच्यांनीबी असंच नाक मुरडलं. मी पत्रिकेत 'शुभविवाह' छापलं, तालुक्याला लग्नाचा हॉल भाड्यानं घेतला. माझी भन अनुसया, दोनदा संसार मांडलेली, पोरीची सख्खी आत्या. अक्षता पडल्या तवा ती भांड्यांच्या खोलीत व्हती. मीच बसवली व्हती, पावन्यांपुढं येऊ नगं म्हनून. तिनं भांडी मोजून दिली आन् एस्टीनं घरला आली. वर्स झालं, तिच्या दारावरनं जाताना माझी मान वर व्हत न्हाई.

आजबी ह्या गावात कुनी लगीन म्हनत न्हाई. कुवारनीचा पाट, नवरा मेलेलीचाबी पाट. आन् आजबी नवरी आदी सगुणीच्या दगडावर बसती, शेजारी दुसरा पाट लावलेली बाई बसती, आन् तिनं लावली की मगच नवरीला बाकीच्यांची हळद लागती.

धाकटीशेजारी अनुसया बसंल. पर मी बोलावली तर ती येनार न्हाई, आन् कुठल्या तोंडानं बोलावू? ते चिचेमागचं कौलारू घर तिचं. उठा पावनं, आन् तुमच्या तोंडानं तिला आवतान द्या.